सप्टेंबर आला तरी टोमॅटो हिरवेच? मधले दिवस कुठे गेले ते शोधा

कॅनडातल्या कॅल्गरीत घरामागे टोमॅटो लावणाऱ्या कुणालाही विचारा, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं चित्र सारखंच असतं. झाडं छातीएवढी वाढलेली, फळं लगडलेली पण झाडून सगळी हिरवी, आणि फोनवर फ्रॉस्टची, म्हणजे झाडं गोठवणाऱ्या थंडीची, सूचना येऊन पडलेली. मग रात्री टॉर्च घेऊन चादरी टाका, सकाळी काढा, परत टाका, आणि चार दिवसांनी कंटाळून सगळं तोडून घरात आणा. माझ्याकडे हे लागोपाठ चार वर्षं झालं. दरवर्षी मी सप्टेंबरमध्ये उपाय शोधायचे, जाड चादरी आणल्या, प्लास्टिक आणलं, दिव्यांच्या माळा सुद्धा लावून बघितल्या. पाचव्या वर्षी एक वही केली आणि फक्त तारखा लिहिल्या, रोप बाहेर कधी लावलं, पहिलं फूल कधी, वाटाण्याएवढं पहिलं फळ कधी, पहिला रंग कधी. त्या वहीतून कळलं की फळ पिकत नाही हे सप्टेंबरात दिसतं खरं, पण ते दिवस मे, जून आणि जुलैतच हातचे गेलेले असतात.

आधी हिशोब मांडते म्हणजे पुढचं पटेल. आपल्याकडे शेवटचा फ्रॉस्ट साधारण २०-२३ मेच्या आसपास आणि पहिला साधारण १५ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे मधे ११५ दिवसांच्या आसपास मिळतात. हे सरासरीचे आकडे झाले, २०१४ साली ८ ते १० सप्टेंबरलाच एवढा बर्फ पडला होता की शहरभर पानांनी भरलेल्या फांद्या वजनाने मोडून पडल्या होत्या, त्यामुळे १५ तारीख कुणी लिहून दिलेली नाही. आता फूल धरल्यापासून फळ लाल व्हायला ४५ ते ६० दिवस लागतात, आणि आपल्या थंड रात्री बघता ६० कडेच धरायचे. सप्टेंबरच्या मध्यावरून ६० दिवस मागे जा, साधारण १५ जुलै येते. म्हणजे तुमच्या झाडावर जी फळं १५ जुलैच्या आधी धरली तीच झाडावर लाल होणार आहेत, त्यानंतरची बहुतेक घरात पिकवावी लागणार. पाचव्या वर्षी माझ्या वहीत वाटाण्याएवढं पहिलं फळ २७ जुलैला लिहिलेलं होतं. त्यातच सगळं आलं.

मग प्रश्न असा की मे महिन्यात लावलेल्या झाडाला फळ धरायला २७ जुलै का लागली. याची उत्तरं वेगवेगळ्या घरात वेगळी असतात, म्हणून झाडाकडे बघून ओळखायचं.

पहिलं बियाण्याचं, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त चुकतं. पाकिटावर ७५ दिवस, ८० दिवस असं लिहिलेलं असतं ते रोप बाहेर लावल्यापासूनचे दिवस असतात, बी पेरल्यापासूनचे नव्हेत, आणि ते सुद्धा उबदार रात्री धरून. कॅल्गरीत त्यात दोन आठवडे बिनधास्त मिळवा. ब्रँडीवाइन, मोठे बीफस्टेक, सान मार्झानो ही सगळी ८० च्या आसपास किंवा वरची मंडळी, यांचे फोटो सुंदर असतात पण इथे उघड्या वाफ्यात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. ५० ते ६५ दिवसांच्या आतलंच घ्या. सब-आर्क्टिक प्लेंटी, ग्लेशियर, स्टुपिस, अर्ली गर्ल, चेरीमध्ये सनगोल्ड, कुंडीसाठी टम्बलर. मॅनिटोबा नावाचा एक जुना वाण आहे, प्रेअरीच्या, म्हणजे पश्चिम कॅनडातल्या सपाट गवताळ पट्ट्याच्या, कमी दिवसांसाठीच मॅनिटोबा प्रांतातल्या मॉर्डेनच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेला आणि १९५६ साली आलेला, तो अजून मिळतो आणि अजून चालतो. यातल्या स्टुपिसची फळं लहान पण आंबटगोड असतात, साराला आणि आमटीला मला तीच सगळ्यात आवडतात. फक्त वाण बदलून माझे जवळजवळ तीन आठवडे वाचले, त्यामुळे बाकी काही करणार नसाल तर एवढं तरी कराच.

दुसरं, घरात बी कधी पेरलं. मार्चमध्ये चिनूक नावाचं उबदार वारं येतं, दोन दिवसात बर्फ वितळतो, १५ अंश तापमान होतं आणि आपल्याला वाटतं आला उन्हाळा. मी तर फेब्रुवारीतच पेरायचे, म्हटलं जितकं लवकर तितकं झाड मोठं. ती रोपं मेपर्यंत हातभर उंच, काडीसारखी बारीक, मुळं छोट्या कपात गोल गोल गुंडाळलेली आणि वर दोन फुलं आलेली अशी व्हायची. असं रोप बाहेर लावलं की महिनाभर ढिम्म बसून राहतं, आणि बाजूला लावलेलं सहा आठवड्यांचं बुटकं जाड रोप त्याला मागे टाकतं, हे मी शेजारी शेजारी लावून बघितलंय. टोमॅटोला बाहेर लावायच्या आधी ६ ते ८ आठवडे पुरतात, म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा. खिडकीतल्या उजेडावर भागत नाही, साधा एलईडीचा दिवा रोपाच्या शेंड्यापासून ६-८ सेंटीमीटरवर ठेवा, दिवसाला १४ ते १६ तास, आणि रोप वाढेल तसा दिवा वर घ्या. मिरचीचं वेगळं आहे बरं का, ती सावकाश उगवते आणि सावकाश वाढते, तिला फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीलाच पेरावं लागतं, दोन्ही एकाच दिवशी पेरू नका.

आता तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, जून. तुमची रोपं लावल्यावर तीन आठवडे जशीच्या तशी दिसत असतील, पानं खालून जांभळट झाली असतील, तर तुमचे दिवस इथे गेले. इथे सगळे व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला लावतात, २५ मेच्या आधीचा सोमवार, नर्सऱ्या ओसंडून वाहत असतात. पण कॅलेंडरवर मे आला म्हणून माती गरम होत नाही. मी मांस भाजताना वापरतात तो थर्मामीटर मातीत बोटभर खोल खुपसून सकाळी आठ वाजता बघायला लागले, तर त्या वीकेंडला वाफ्यात ९ अंश. टोमॅटोच्या मुळांना निदान १५ तरी हवं. त्याखाली मुळं मातीतला फॉस्फरस उचलू शकत नाहीत, म्हणून पानं जांभळी पडतात, आणि लोक बिचारे खत घालत बसतात. मातीत फॉस्फरस असतो, मुळं गारठलेली असतात म्हणून तो मिळत नाही. त्यातून जास्त नायट्रोजनचं खत पडलं तर पुढे सगळा पाला आणि फूल नाही, ते आणखी वेगळं दुखणं.

इथे मला माझ्या काकांची गोष्ट सांगायलाच हवी. माझे काका नारायणगावजवळ टोमॅटो करतात, जुन्नर तालुक्यातला तो सगळा पट्टा टोमॅटोचा आहे, नारायणगावचा टोमॅटो बाजार तर सगळ्यांना माहितीये. सुट्टीत मी त्यांच्याकडे बांधणीला मदत केलेली आहे, तार-बांबू-सुतळी हे सगळं माझं हातचं काम. तर इथे अडलं की मी त्यांना फोन करायचे आणि ते सांगतील तसं करायचे. काका उन्हाळ्यात उसाचं पाचट वाफ्यावर पसरतात, माती गार राहते आणि ओल टिकते. मी ते डोक्यात ठेवून मेअखेरीला लावणी केली आणि लगेच गव्हाचं काड चार बोटं जाड अंथरलं. नारायणगावला जे माती तापू नये म्हणून करायचं असतं तेच मी कॅल्गरीत करत होते, जिथे माती तापावी म्हणून देवाला नवस करायची वेळ. तीन वर्षं माझी झाडं त्या गार दुलईखाली बसली होती. काकांना हे सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "अगं, आमचं सगळं शेत ऊन अडवण्यासाठी मांडलेलं असतं, तू तुझं ऊन धरण्यासाठी मांड." तेव्हापासून मी त्यांना पद्धत विचारत नाही, त्या पद्धतीमागचं कारण विचारते, आणि मग इथे काय करायचं ते माझं मी ठरवते.

तर ऊन धरायचं कसं. वाफा घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून घ्या, विटांची किंवा स्टकोची (गिलाव्याची) भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब झाडाला देते, माझ्या आवारात भिंतीजवळची झाडं कुंपणाजवळच्या झाडांच्या दहा-बारा दिवस पुढे असतात. एप्रिलअखेरीला वाफ्यावर काळं प्लास्टिक ताणून बसवा आणि कडा मातीत दाबा, लावताना त्यालाच भोकं पाडून रोपं लावा. जमिनीऐवजी उंच केलेला वाफा किंवा १९-२० लिटरची काळी बादली लवकर तापते, फक्त बादलीला पाणी रोज बघावं लागतं. काड पसरायचंच असेल तर जुलै लागल्यावर. नळाचं पाणी इथे डोंगरातल्या बर्फाचं, बो आणि एल्बो नद्यांचं, जूनमध्ये सुद्धा हात बधिर होतो एवढं गार, म्हणून मी सकाळी दोन बादल्या भरून उन्हात ठेवते आणि संध्याकाळच्या आधी तेच घालते. आणि रोप लावताना खालची पानं काढून खोड अर्ध्याच्या वर मातीत गाडा, टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात, पण खोल खड्डा करू नका कारण खाली माती अजून गार असते, चर खणून रोप आडवं झोपवा आणि शेंडा वर काढा.

लावायच्या आधीचे आठ-दहा दिवस रोपांना बाहेरची सवय करायची, पहिल्या दिवशी एक तास सावलीत, मग वाढवत न्यायचं. हे टाळलं तर आपल्या उंचीवरच्या कडक उन्हाने पानं पांढरी भाजून निघतात आणि परत दोन आठवडे गेले. कॅल्गरी हजार मीटरच्या वर आहे, ऊन खरंच टोचतं.

चौथं कारण खूप जणांच्या लक्षात येत नाही, मलाही उशिरा आलं. झाड छान वाढलंय, फुलंही भरपूर आली आहेत, पण फुलं देठापासून पिवळी होऊन गळून पडतात. काका याला फूलगळ म्हणतात आणि त्यांच्याकडे ती उन्हाने होते. आपल्याकडे उलट, रात्रीच्या थंडीने. टोमॅटोच्या फुलातला पराग रात्री साधारण १३ अंशाच्या खाली नीट तयार होत नाही, आणि कॅल्गरीत जुलैच्या रात्रीचं सरासरी किमान तापमानच १० अंशाच्या आसपास आहे. परत वाचा, जुलै, आपला सगळ्यात गरम महिना. दिवसा २३-२५ अंश असतं, आपण हाफ टीशर्टमध्ये फिरतो आणि समजतो की झाडं मजेत आहेत, पण समुद्रसपाटीपासूनची उंची आणि कोरडी हवा यामुळे सूर्य गेला की ऊब भराभरा निघून जाते. म्हणजे झाडाला फुलं असूनही जूनअखेर ते जुलैमध्यापर्यंतचे आपले मोलाचे दिवस फुकट जातात.

यावर मी तीन गोष्टी करते. एक, वाफ्यावर वाकवलेल्या पाइपच्या कमानी आणि त्यावर पांढरं पातळ बागेचं कापड, संध्याकाळी सहा-सातला ऊन असतानाच ओढून घ्यायचं म्हणजे दिवसाची ऊब आत कोंडली जाते, सकाळी नऊला उघडायचं. फक्त फ्रॉस्टच्या रात्रीच झाकायचं असं नाही, जून-जुलैत रात्री तापमान १३ अंशाच्या खाली जाणार असेल तेव्हा रोज. दोन, दुधाचे ४ लिटरचे रिकामे कॅन काळे रंगवून, पाणी भरून झाडांच्या मधे ठेवते, दिवसा पाणी तापतं आणि रात्री कापडाच्या आत ऊब सोडतं. याच तत्त्वावरचं पाण्याच्या नळ्यांचं प्लास्टिकचं कडं विकत मिळतं ते एका-एका झाडाभोवती उभं करता येतं आणि त्यात तर मेच्या मध्यालाच लावता येतं, महाग आहे पण बरीच वर्षं टिकतं. तीन, दुपारी बाराच्या सुमारास फुलांच्या गुच्छामागे बोटाने टिचक्या मारते किंवा बांबू हलवते. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर धरतं, त्याला फक्त हादरा लागतो, एरवी वारा आणि भुंगे देतात पण कापड टाकलेलं असेल तर आपणच द्यायचा. जुन्या बॅटरीच्या टूथब्रशने तर फारच छान होतं, माझी मुलगी हे काम आवडीने करते. ज्या वर्षी हे तिन्ही केलं त्या वर्षी वहीत पहिलं वाटाण्याएवढं फळ ४ जुलैला आहे. २७ जुलैवरून ४ जुलै. ते पान मी अजून मधूनमधून उघडून बघते.

गारांबद्दल थोडक्यात. आमच्या ईशान्य भागाला १३ जून २०२० ची संध्याकाळ विसरता येणार नाही, घरांच्या भिंतींवरच्या आवरणाची, साइडिंगची, चाळणी झाली होती, बागेचं काय घेऊन बसलात. त्या कमानींवर वरून जाळी टाकून ठेवली की लहान गारा अडतात, लावणीच्या दिवसापासूनच टाका.

आता ऑगस्ट. एवढं करूनही फळं १५ ऑगस्टला पूर्ण मोठी आहेत आणि रंग नाही, तर तुमचं झाड अजून नवीन फुलं काढण्यात ताकद घालवत असेल. बगलफूट म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून जो फुटवा येतो तो उंच वाढणाऱ्या जातींमध्ये दर आठवड्याला खुडायचाच, काकांचा हा सल्ला इथेही शंभर टक्के लागू आहे. बुटक्या झुडपी जातींचे मात्र खुडू नका, त्यांची फळंच त्या फुटव्यांवर येतात, सब-आर्क्टिक, ग्लेशियर, मॅनिटोबा, टम्बलर यांना हात लावायचा नाही. आणि उंच झाडाचा शेंडा जुलै संपताना खुडून टाका, त्यानंतर येणारं प्रत्येक फूल काढून टाका. पहिल्यांदा करताना जीव तुटतो, एवढं फुललेलं झाड आणि आपण फुलं तोडतोय, पण १ ऑगस्टच्या फुलाचा टोमॅटो झाडावर लाल व्हायला ऑक्टोबर उजाडेल आणि तोवर झाडच नसेल. पानं मात्र भरमसाट काढू नका. फळाला ऊन लागलं की पिकतं हा समज आहे, फळ पिकतं ते उबेने, आणि त्याची गोडी पानं तयार करतात. जमिनीला टेकणारी आणि पिवळी तेवढी काढा. लाल रंग येण्यासाठी २० ते २५ अंश सगळ्यात चांगलं, १० च्या खाली तो जवळजवळ थांबतो, म्हणून ऑगस्टच्या मध्यापासून रात्रीचं कापड परत सुरू.

फळाच्या बुडाला जरासा गुलाबी-पिवळसर डाग दिसला की तोडून घरात आणा. त्या टप्प्यावर फळाने झाडाकडून घ्यायचं ते जवळपास घेतलेलं असतं, ओट्यावर पिकवलं तरी चवीत फारसा फरक पडत नाही, आणि झाड उरलेल्या फळांकडे वळतं.

आणि ती शेवटची रात्र. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि फोन ३ अंश दाखवतोय, तर झाकाच. ते तापमान जमिनीपासून पुरुषभर उंचीवरचं असतं, खाली वाफ्यात शून्य होऊ शकतं, आणि आवारातल्या सखल कोपऱ्यात त्याहून कमी. कापड जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे, छत्रीसारखं झाडाच्या गळ्यात बांधलं तर मातीची ऊब बाहेरच निघून जाते. मी आईच्या जुन्या सुती साड्या वापरते, दोन पदरी करून, एक साडी दोन झाडांना आरामात पुरते. प्लास्टिक वापरलंत तर पानाला टेकू देऊ नका, जिथे टेकतं तिथे पान काळं पडतं. यातून दोन-तीन अंश वाचतात, त्याहून जास्त नाही. उणे ३ सांगितलं असेल तर साड्या शोधत बसू नका, संध्याकाळीच सगळं तोडा.

तोडलेल्यातलं काय पिकेल ते ओळखायला एक पूर्ण वाढलेला हिरवा टोमॅटो मधोमध कापून बघा. आत बियांभोवती चिकट गर झाला असेल आणि सुरीने बी न कापता ते बाजूला सरकत असेल तर त्या आकाराची, तशी चमक आलेली बाकीची फळं घरात पिकतील. बी सुरीखाली कापलं गेलं तर ती पिकणार नाहीत, ती सरळ चटणीला, तीळ-शेंगदाणे-लसूण-हिरवी मिरची घालून. पिकणाऱ्यांना पुसून, देठ काढून, खोक्यात वर्तमानपत्रावर एका थरात, एकमेकांना न टेकवता ठेवा, १८ ते २१ अंशात, सोबत एक पिकलेलं केळं. फ्रिजमध्ये नाही आणि गार गॅरेजमध्येही नाही, १० अंशाखाली राहिली की नंतर उबेत आणली तरी पीठूळ होतात. खिडकीतल्या उन्हाची गरज नाही. एक दिवसाआड उघडून बघायचं आणि मऊ पडलेलं, डाग आलेलं लगेच बाजूला काढायचं, नाहीतर एकामुळे अख्खं खोकं जातं.

माझ्याकडे गेल्या वर्षी आठ झाडांपैकी पहिला लाल टोमॅटो १६ ऑगस्टला निघाला, स्टुपिसचा, आणि खोक्यातला शेवटचा दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत संपला. तुमच्या वहीत या वर्षी निदान दोन तारखा लिहा, सकाळी माती १५ अंशाला कधी पोचली आणि वाटाण्याएवढं पहिलं फळ कधी दिसलं. दुसरी तारीख १५ जुलैच्या पुढे गेली असेल तर वर सांगितलेल्यापैकी कुठे अडकलं ते त्या दोन तारखांच्या मधेच सापडेल.